दहा माणसं आणि सत्तर अस्वलं

अलास्काच्या नैर्ऋत्य भागात मॅकनील नावाची एक लहानशी नदी समुद्राला मिळते. मुखापासून थोडं वर गेलं की तिचा एक पसरट, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा लागतो. जुलैत चम जातीचे सॅमन मासे तो चढू लागले, की तपकिरी अस्वलांची जगातली सर्वांत मोठी ज्ञात गर्दी तिथे जमते. एका वेळी सत्तरच्या वर अस्वलं मोजली गेल्याची नोंद आहे. त्यांच्यापासून काही पावलांवर, खडीच्या एका मोकळ्या तुकड्यावर, दहा पाहुणे आणि सोबतचे सरकारी कर्मचारी तासन्‌तास बसलेले असतात. मध्ये कुंपण नाही, काच नाही, गाडी नाही. १९७३ साली तिथे परवान्याची पद्धत सुरू झाली, आणि तेव्हापासून एकाही पाहुण्याला अस्वलाने जखमी केलेलं नाही. ज्यांना रानातली अस्वलं पाहायला दूरदेशी जायचं आहे, त्यांनी प्रवास कंपन्यांची रंगीत पत्रकं चाळण्याआधी या एका गोष्टीचा नीट विचार करावा. पत्रकं एकच गोष्ट विकतात, आणि ती म्हणजे जवळीक. मॅकनीलचा अनुभव सांगतो की जवळीक विकत घेता येत नाही. माणसं किती बांधून घेतली जातात यावर ती ठरते. म्हणून सहल निवडताना ‘अस्वल किती जवळून दिसेल’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘इथे माणसांवर कोणती बंधनं आहेत’ हा विचारावा. ज्या ठिकाणाला या प्रश्नाचं लांबलचक उत्तर देता येतं, ते ठिकाण चांगलं.

हे वरवर उलटं वाटेल. त्यामागचं कारण अस्वलाच्या पोटात आहे. तपकिरी अस्वल हा मुळात एकटा राहणारा, दुसऱ्याला लांब ठेवणारा प्राणी. हिवाळाभर गुहेत न खाता-पिता पडून राहताना त्याचं एक तृतीयांशापर्यंत वजन उतरू शकतं, आणि ते भरून काढायला हातात जेमतेम सहा महिने असतात. किनाऱ्यावरच्या मोठ्या नराचं वजन उन्हाळ्याच्या मध्यावर पावणेतीनशे ते चारशे किलो असतं. शरद ऋतू सरता सरता ते साडेचारशेच्याही पुढे जातं. ही सगळी बेगमी मुख्यतः सॅमनवर होते. मासे मुबलक असले की अस्वल फक्त कातडी, मेंदू आणि गाभोळी खाऊन बाकीचा मासा टाकून देतं, इतकी चैन असते. या चैनीमुळेच एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी अस्वलं नदीवर शेजारी शेजारी उभी राहतात. भांडत बसण्यात मासे हातचे जातात, हे त्यांना कळतं. आता या हिशेबात माणूस शिरला. तो रोज त्याच वेळी येतो, त्याच वाटेने चालतो, त्याच जागी बसतो, काही देत नाही, काही हिरावून घेत नाही, अंगावर धावून येत नाही. काही काळाने अस्वल त्याची दखल घेणंच सोडून देतं, कारण दखल घेण्यातही वेळ आणि शक्ती खर्च होते. अशा अस्वलाला माणसाला सरावलेलं अस्वल म्हणावं. ते माणसाळलेलं नसतं. त्याच्या लेखी माणूस हा नदीकाठचा एक निरुपद्रवी, कंटाळवाणा दगड झालेला असतो, आणि पाहणाऱ्याने मनापासून इच्छा करावी ती असं दगड होण्याचीच.

याच्या अगदी उलट जात म्हणजे चटावलेलं अस्वल. माणूस दिसला की खायला मिळतं, हे एकदा शिकलेलं. माथेरानला पर्यटकाच्या हातातली पिशवी ओढणारं माकड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा फरक समजावून सांगायला नको; फक्त त्या माकडाच्या जागी चारशे किलोचा प्राणी कल्पावा. सरावलेलं आणि चटावलेलं ही दोन्ही अस्वलं माणसाला भीत नाहीत, त्यामुळे लांबून ती सारखीच वाटतात. ‘अस्वलांची भीती गेली की ती हल्ला करतात’ हे ढोबळ विधान याच गल्लतीतून आलं आहे. इतिहास पाहिला तर धोका चटावण्यात आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेलांचा उष्टा-खरकटा कचरा ओतायचे, बाकं मांडायचे आणि त्यावर जमणारी अस्वलं पाहायला पर्यटकांना बसवायचे. असे जाहीर खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थांबले, पण कचऱ्याचे ढीग राहिलेच. १९७० च्या सुमारास ते झटपट बंद केल्यावर चटावलेली अस्वलं तळांकडे वळली आणि मोठ्या संख्येने मारली गेली. १९७५ मध्ये तिथल्या ग्रिझली अस्वलांना (ग्रिझली म्हणजे तपकिरी अस्वलच) कायद्याने संकटग्रस्त ठरवावं लागलं. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानात १३ ऑगस्ट १९६७ च्या एकाच रात्री, एकमेकांपासून मैलोगणती दूर असलेल्या दोन तळांवर, दोन वेगळ्या अस्वलांनी दोन तरुणींना मारलं. त्यांतल्या एका जागी, ग्रॅनाइट पार्कच्या विश्रामगृहाजवळ, उरलेलं अन्न रोज रात्री बाहेर टाकलं जाई आणि ते खायला येणारी अस्वलं पाहणं हाच पाहुण्यांचा करमणुकीचा कार्यक्रम होता. दुसऱ्या जागी, ट्राउट तळ्याकाठी, एक अस्वल सगळा उन्हाळा तळावरच्यांचं अन्न पळवत होतं आणि कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. योगायोग असा की त्याच १९६७ साली अलास्काने मॅकनीलला अभयारण्याचा दर्जा दिला.

नुसता दर्जा देऊन भागलं नाही, हाही त्या कथेचा भाग आहे. सुरुवातीची काही वर्षं मॅकनीलला कोणीही, कितीही, कसंही जाऊ शकत होतं. छायाचित्रकार नदीच्या दोन्ही काठांवर पसरत, मासेमार मधूनच पाण्यात उतरत, आणि अस्वलांना माणूस कुठून उगवेल याचा भरवसा उरला नाही. मग १९७३ पासून सोडत आली. आज ७ जून ते २५ ऑगस्ट या काळात दिवसाला जास्तीत जास्त दहा जण, एकत्रच, कर्मचाऱ्यासोबतच, ठरलेल्या वाटेनेच जातात. लॅरी ऑमिलर यांनी १९७६ पासून जवळपास तीस वर्षं हे काम सांभाळलं आणि तिथली शिस्त बसवली. तिचं सूत्र इतकं साधं आहे की ऐकून हसू येईल: माणसाने रोज तेच करायचं. पण त्या साधेपणाची दुसरी बाजू त्याच किनाऱ्यावर, शेजारच्या कॅटमाई उद्यानात दिसली. टिमोथी ट्रेडवेल तेरा उन्हाळे तिथे अस्वलांमध्ये राहिला, त्यांना नावं दिली, त्यांच्याशी बोलला, विजेचं कुंपण आणि मिरचीचा फवारा दोन्ही नाकारले. ऑक्टोबर २००३ मध्ये, ओळखीची बरीच अस्वलं पांगल्यानंतर आणि उरलेली भुकेने कासावीस असताना, तो आणि त्याची सोबतीण त्यांच्या तंबूपाशी मारले गेले. त्यानंतर दोन अस्वलंही गोळ्या घालून मारण्यात आली. त्याच्या धैर्याबद्दल किंवा वेडाबद्दल वाद घालत बसण्यात अर्थ नाही. त्याने माणसाला अस्वलांसाठी अनपेक्षित आणि जवळचं करून ठेवलं, आणि एखाद्या हंगामात ते जीवावर बेततं. जपानी छायाचित्रकार मिचिओ होशिनो स्वतः सावध माणूस होता. १९९६ साली रशियातल्या कामचात्का द्वीपकल्पावर, कुरिल सरोवराकाठी, तो तंबूत झोपला असताना ज्या अस्वलाने त्याला मारलं ते आधीच माणसांच्या अन्नाला सोकावलेलं होतं. म्हणजे तुमची स्वतःची शिस्त पुरेशी नाही. तुमच्या आधी येऊन गेलेल्यांनी काय केलं, यावरही तुमची सुरक्षितता अवलंबून असते, आणि म्हणूनच ठिकाणाची निवड हा सगळ्यात मोठा निर्णय आहे.

तर निवड कशी करावी? मॅकनीलसाठी १ मार्चपर्यंत अलास्काच्या मासे व वन्यजीव विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही आणि सोडतीत नाव निघेलच असं नाही. निघालं तर चार दिवसांचा परवाना मिळतो. राहायचं तंबूत, शिधा आपला आपण न्यायचा, स्वयंपाक आणि अन्नाची साठवण फक्त ठरलेल्या खोलीत. जूनमध्ये शेजारच्या मिकफिक ओढ्यावर सॉकाय सॅमन येतात, जुलै ते मध्य ऑगस्ट हा धबधब्याचा काळ. हे जमलं नाही तर कॅटमाई उद्यानातला ब्रुक्स कॅम्प आहे. किंग सॅमन या गावाहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने तिथे जातात. उतरल्या उतरल्या प्रत्येकाला अस्वलांविषयीचा वर्ग सक्तीचा आहे, तो झाल्याशिवाय कुठेही पाऊल टाकता येत नाही. ब्रुक्स धबधब्यावर उंच लाकडी मंच आहे, एका वेळी चाळीस माणसं, आणि गर्दी असली की एका तासाने उतरून दुसऱ्यांना जागा द्यायची. तंबूच्या तळाला विजेचं कुंपण आहे. तिथल्या जागांचं आरक्षण जानेवारीच्या सुरुवातीला उघडतं आणि बघता बघता संपतं. काळ निवडताना एक चूक हमखास होते: ऑगस्ट. शाळांच्या सुट्ट्या आणि स्वस्त भाडी पाहून लोक ऑगस्ट धरतात, आणि नेमकी तेव्हा ब्रुक्स नदीवरची बरीच अस्वलं इतर ओढ्यांकडे पांगलेली असतात. धबधब्यावर उड्या मारणारे मासे पकडणारी अस्वलं हवी असतील तर जुलै. गोल गरगरीत झालेली, संथ पाण्यात मेलेले-थकलेले मासे वेचणारी अस्वलं हवी असतील तर सप्टेंबर. आग्नेय अलास्कातली पॅक क्रीक आणि अॅनन क्रीक ही ठिकाणंही जुलै-ऑगस्टमध्ये रोजच्या ठरावीक परवान्यांवर चालतात. लेक क्लार्क आणि हॅलो बे भागातल्या किनारी कुरणांवर जूनमध्ये अस्वलं गुरांसारखी गवत चरताना दिसतात. तिथे पिल्लं घेतलेल्या माद्या पाहायला मिळण्याची शक्यता चांगली, पण तिथे सगळी भिस्त तुम्हाला नेणाऱ्या वाटाड्यावर असते. त्याला चार गोष्टी विचाराव्यात: एका वाटाड्यामागे माणसं किती, अस्वल जवळ येऊ लागलं तर तो काय करतो, अन्न कुठे ठेवलं जातं, आणि अस्वल सापडलं नाही तर तो काय करतो. शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही शोधूनच काढतो’ असं उत्तर आलं तर दुसरा वाटाड्या पाहावा. पाठलाग करणारा माणूस कोणत्याच अस्वलाला अपेक्षित नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रसिकांचा. सोडत, वर्ग, मंच, तासाची पाळी. मग यात रान कुठे राहिलं? एवढं सगळं करायचं तर प्राणिसंग्रहालय काय वाईट? हा आक्षेप ऐकायला चांगला वाटतो, पण तो रान म्हणजे माणसाला हवं तसं वागायची मोकळीक असं गृहीत धरतो. ब्रुक्सच्या मंचावर कठड्याआड उभी असतात ती माणसं. अस्वलांची नदी, त्यांचे मासे, त्यांची भांडणं, कोणती मादी कोणत्या नराला पाहून पिल्लं घेऊन मागे सरते, हे सगळं माणसाच्या हाताशिवाय चालू असतं. प्राणिसंग्रहालयात यातलं एकही दिसत नाही. दिवसभर एका जागी बसायला लागतं म्हणूनच धबधब्यावरची मानाची जागा कोणाची, तिथे कोण कोणाला हुसकतं, कोणतं तरुण अस्वल दुसऱ्याचा मासा लुबाडतं, हे उमगू लागतं. फिरून फिरून पाहणाऱ्याला अस्वल दिसतं. बसून राहणाऱ्याला अस्वलांचा समाज दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अभ्यासकांकडूनही येतो: अस्वलांना माणसाची सवय लावणं हेच त्यांच्या मुळावर येत नाही का? याला ‘नाही’ असं सरळ उत्तर देता येत नाही. कॅटमाईच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या राखीव क्षेत्रात अस्वलांची शिकार कायदेशीर आहे, आणि अस्वल नकाशा वाचत नाही. मॅकनीललगतची जमीन शिकारीला खुली करण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा ऑमिलर यांनी त्याच्या निषेधात काम सोडलं, कारण माणसाला न घाबरायला शिकवलेल्या जनावराची शिकार त्यांना विश्वासघातासारखी वाटली. ब्रुक्स नदीवरच्या अभ्यासात असंही दिसलं आहे की शरद ऋतूत विश्रामगृहाचा हंगाम थोडा लांबवल्यावर माणसाला न सरावलेली प्रौढ अस्वलं नदीवर उशिरा येऊ लागली. म्हणजे सरावलेल्यांची चैन आणि बुजऱ्यांचं नुकसान एकाच वेळी घडतं. पण दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या नाइट इनलेट भागात ओवेन नेव्हिन आणि बॅरी गिल्बर्ट यांना आढळलं की माणसं असताना मोठे नर थोडे लांब राहतात आणि पिल्लांच्या माद्या त्या आडोशाला येऊन निर्धास्त मासे पकडतात. अस्वलांची पिल्लं मोठ्या नरांकडून मारली जातात, हे लक्षात घेतलं तर हा फायदा किरकोळ नाही. याचा निष्कर्ष माझ्या मते एवढाच निघतो की माणसांची संख्या आणि हंगामाची लांबी मर्यादित हवी, आणि भोवतालच्या जमिनीला संरक्षण हवं. पुन्हा बंधनंच. ब्रिटिश कोलंबियाने २०१७ च्या अखेरीस ग्रिझलीची हौशी शिकार बंद केली, म्हणून त्या किनाऱ्यावर, विशेषतः १९९४ साली स्थापन झालेल्या खुत्झेमतीन अभयारण्याकडे जाणाऱ्या पर्यटकाच्या मनावर हे ओझं जरा कमी राहतं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: बंदूक असेल तर हे सगळं कशाला? टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचे दोन मोठे आढावे घेतले आहेत. १८८३ ते २००९ या काळातल्या बंदुकीच्या २६९ घटनांमध्ये, बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती चालवली आणि ज्यांनी चालवली नाही त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मिरचीच्या फवाऱ्याच्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांत मात्र तपकिरी अस्वलांवर तो सुमारे ९२ टक्के वेळा लागू पडला, आणि तो जवळ बाळगणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे इजा न होता सुटले. हा फवारा प्रवासी विमानात हातातल्या किंवा मोठ्या सामानातही नेता येत नाही. तो तिथे पोचल्यावरच विकत घ्यावा, छोट्या विमानात बसताना वैमानिकाला सांगून त्याच्या हवाली करावा, आणि चालताना पिशवीत नव्हे तर कमरेला अडकवावा. तंबूवर किंवा अंगावर तो आधीच फवारणारे महाभाग असतात. तो डासांचं औषध नाही.

अंतराचे नियम ठिकाणागणिक बदलतात, आणि तो बदल समजून घेण्यासारखा आहे. कॅटमाईत किमान ४५ मीटर, यलोस्टोनमध्ये ९१, अलास्काच्या आतल्या भागातल्या डेनालीत जवळपास २७५. किनाऱ्यावर अन्न विपुल, अस्वलं दाट, शेजाऱ्याची सवय आहे. आत अन्न विरळ, त्यामुळे प्रत्येक अस्वलाचं स्वतःभोवतीचं रिंगण मोठं. म्हणून कॅटमाईत चार दिवस राहून आलेल्याने डेनालीत तोच हिशेब लावू नये. मॅकनीलला अस्वलं काही पावलांवरून जातात ती स्वतःहून. माणूस बसलेला असतो, अस्वल ठरवतं. वाटेवर चालताना एकत्र राहावं, वळणापाशी आणि झुडपांत बोलत राहावं. कॅनडातल्या बॅन्फ उद्यानात काही वाटांवर हंगामात चार जणांच्या घट्ट घोळक्याशिवाय सोडतच नाहीत. समोर अस्वल आलंच तर पळायचं नाही. ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावतं आणि पळणारी वस्तू त्याला नवी कल्पना देते. थांबावं, हलक्या आवाजात बोलावं, वाट सोडून हळूहळू मागे सरावं. मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल बहुधा नीट पाहण्या-हुंगण्यासाठी उभं असतं. जबडा वाजवणं, फुसकारणं, लाळ गळणं, अवेळी जांभया ही अस्वस्थतेची लक्षणं. आणि त्याही आधीचं, सगळ्यात उपयोगी लक्षण म्हणजे ते करत असलेलं काम थांबवून तुमच्याकडे पाहू लागलं. इथे तुम्ही जास्त जवळ गेलेले असता. दचकलेल्या तपकिरी अस्वलाने अंगावर येऊन गाठलंच तर पालथं पडून, पाय फाकवून, मानेमागे हात बांधून निपचित राहावं. पण तंबूत शिरणाऱ्या किंवा चोरपावलांनी माग काढणाऱ्या अस्वलाशी मात्र हाती लागेल त्याने झगडावं.

अन्नाची शिस्त आपल्याकडच्या प्रवाशांनी विशेष मनावर घ्यावी. भाकरवडी, चकली, बेसनाचे लाडू, आंब्याचं लोणचं यांशिवाय मराठी माणूस घराबाहेर पडत नाही, आणि परदेशात शाकाहाराची अडचण असल्याने डबा न्यावाच लागतो. न्यावा, पण घट्ट झाकणाच्या डब्यांत, आणि पोचल्यावर पहिल्या मिनिटाला तो अन्नाच्या खोलीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत जायला हवा. खिशातली सुपारी-बडीशेप, पाकिटातली खोकल्याची गोळी, सुगंधी तेल, उदबत्ती, टूथपेस्ट यांनाही हाच नियम. ब्रुक्सच्या वाटांवर साध्या पाण्याखेरीज काहीच नेऊ देत नाहीत, च्युइंगगमसुद्धा नाही. ‘एका शेंगदाण्याने काय होतं’ असं वाटणं स्वाभाविक आहे, पण चटावणं नेमकं एका शेंगदाण्यापासूनच सुरू होतं आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी येणारा माणूस किंवा ते अस्वल मोजतं. स्त्रियांना एक शंका हमखास असते: मासिक पाळीच्या वासाने अस्वल येतं का? ग्रिझली आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत तसा पुरावा नाही. वापरलेल्या वस्तू इतर वासाच्या कचऱ्यासारख्या बंद पिशवीत ठेवल्या की पुरे.

बाकी तयारी अस्वलांपेक्षा हवामानाची आहे. धुकं आणि वारा असला की छोटी विमानं उडत नाहीत. मॅकनीलला तर भरतीची वेळही गाठावी लागते. म्हणून सहलीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि मुंबईचं परतीचं तिकीट घट्ट बांधून घेऊ नये. सामानाचं वजन मोजून घेतात. मांडीपर्यंतचे रबरी बूट, खरोखर पाणी न शिरणारा सूट, लोकरीचे थर (सुती कपडे एकदा भिजले की वाळत नाहीत), डासांसाठी डोक्यावरची जाळी, आठपट दुर्बीण. छायाचित्रणाचं वेड असेल तर १०० ते ४०० मिलिमीटरची एक लेन्स पुरते. मोबाइल चालणार नाही असं धरूनच औषधं आणि विमा यांची सोय करावी.

एवढा खर्च, एवढा विमानाचा धूर, त्यापेक्षा घरी बसून का पाहू नये, असंही कोणी म्हणेल. अगदी जरूर पाहावं. ब्रुक्स धबधब्यावर २०१२ पासून थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे आहेत, आणि २०१४ साली एका दिवसाच्या गमतीने सुरू झालेली ‘सर्वांत लठ्ठ अस्वल’ निवडण्याची स्पर्धा आता दर शरदात आठवडाभर चालते. ज्यांची ऐपत किंवा तब्येत नाही त्यांचं यात काही फारसं बुडत नाही. आणि जाणाऱ्यांनी तर आधी महिनाभर हे प्रक्षेपण रोज थोडा वेळ पाहावंच: कान मागे पाडणं, मान खाली घालून बाजूने निघून जाणं, हे संकेत डोळ्यांत बसतात आणि प्रत्यक्ष नदीकाठी पहिला दिवस बावचळण्यात जात नाही.

शेवटी एक सावधगिरी, आणि ती परतल्यानंतरची आहे. अलास्कातलं हे ज्ञान आपल्या अस्वलाला लावू नये. मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, गडचिरोलीची जंगलं इथलं काळं, झिपरं अस्वल वेगळ्या जातीचं आणि वेगळ्या स्वभावाचं आहे. वाघाच्या शेजारात वाढलेला हा प्राणी. त्याची नजर कमजोर, वारूळ फोडताना तोंड मातीत आणि आवाज इतका की माणूस जवळ येईपर्यंत पत्ता लागत नाही, आणि दचकला की पळण्याआधी तो हल्ला करतो, बहुतेक वेळा चेहऱ्यावर. मोह गळण्याच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेल्या बायाबापड्या त्याच्या तावडीत सापडतात त्या त्याच झाडाखाली तोही आलेला असतो म्हणून. इथे नदीकाठची मुबलकता नाही, ठरलेली वाट नाही, त्यामुळे सरावण्याची यंत्रणाच नाही. कर्नाटकात १९९४ साली स्थापन झालेल्या दरोजी अस्वल अभयारण्यात खडकांना गोड लेप लावून अस्वलांना बाहेर बोलावतात आणि पर्यटक दूरच्या मनोऱ्यावरून पाहतात. वर मांडलेल्या कसोटीवर हे मला पटत नाही, जरी अंतर मोठं असल्याने खाणं आणि माणूस यांचा संबंध अस्वलाच्या डोक्यात कदाचित जुळत नसेल. महाराष्ट्रात अस्वल पाहायचं तर सफारीच्या गाडीतून, किंवा बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं देतो त्यावरून. त्या रात्रीसाठीही नोंदणी आधी करावी लागते, जागा मोजक्या असतात, सुगंधी काही लावून जायचं नसतं, आणि सकाळी वनरक्षक न्यायला येईपर्यंत, कितीही उजाडलेलं असलं तरी, मचाणावरून खाली उतरायचं नसतं.